नाशिकहून रत्नागिरीला एकट्याने तीन दिवस: कोणते काम आधी, कोणते नंतर

नाशिकमधून कोकणात एकट्याने जाऊ इच्छिणारे ओळखीचे लोक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांनी एक काम आधीच उरकलेले असते: त्यांनी खोली आरक्षित केलेली असते. त्यानंतर ते गाडी पाहतात आणि जाण्याचे तिकीट प्रतीक्षा यादीत अडकते. परतीच्या तिकिटाचा विचार तर त्यांनी केलेलाच नसतो. पुढे किनाऱ्यावर पोहोचतात ते नेमके भरतीच्या वेळी, आणि शेवटची एसटी निघून गेल्यावर काळोखात रिक्षा शोधत बसतात. यातली एकही अडचण मोठी नाही, परंतु चौघे मिळून गेले असता एकाची चूक दुसरा सावरतो, तसे एकट्या माणसाचे होत नाही. म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो असा: प्रथम तारीख, मग समुद्राची वेळ, मग जाण्यायेण्याची दोन्ही तिकिटे, त्यानंतर मुक्काम, त्यानंतर दिवसांची मांडणी, आणि सॅक सर्वांत शेवटी.

हा लेख रत्नागिरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण पहिल्या एकट्या प्रवासासाठी मला ते शहर सर्वांत सोयीचे वाटते. नाशिकरोडहून थेट गाडी आहे, जिल्ह्याचे ठिकाण असल्याने मोठे शासकीय रुग्णालय आहे, एसटीचे जाळे दाट आहे, आणि समुद्र, किल्ला, खाडी व कातळाचा सडा (उघडे खडकाळ पठार) ही चारही ठिकाणे शहरात किंवा शहरापासून तासाभराच्या अंतरात येतात.

टप्पा १: तारीख ठरवणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणे धोक्याचे असते, त्यामुळे पोहण्याचा किंवा खडकांवर फिरण्याचा बेत असेल तर हे महिने पूर्णपणे वगळावेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते, म्हणून केवळ ताज्या मासळीसाठी जाणाऱ्यांनीही या दोन महिन्यांत जाऊ नये. एप्रिल आणि मे महिन्यांत आंबा मिळतो खरा, परंतु सकाळी दहानंतर उघड्यावर चालणे कठीण होते आणि गाड्यांना जागा नसते.

महिना ठरला की पुढील दिवस टाळावेत: गणेशोत्सव, शिमगा, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि अंगारकी संकष्टी. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी जातात, आणि त्या दिवसांची आरक्षणे खुली होताच संपतात. अंगारकीला गणपतीपुळ्यात इतकी गर्दी होते की ज्या निवांतपणासाठी आपण निघालो तो कोठेच मिळत नाही.

जमत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. मंगळवारी सकाळी पोहोचून गुरुवारी निघालात तर खोलीचा दर कमी पडतो, आणि रिक्षावाल्याचा वेळ व खानावळीतील लक्ष आपल्या वाट्याला अधिक येते. सोमवार मात्र संग्रहालयासारख्या ठिकाणांसाठी विचारून घ्यावा, कारण अशी बरीच ठिकाणे सोमवारी बंद असतात.

*पडताळा: निवडलेल्या तारखा दिनदर्शिकेत पाहून त्या दिवसांची तिथी कागदावर लिहून ठेवली आहे का? पुढच्या टप्प्यात तीच लागणार आहे.*

टप्पा २: भरती-ओहोटीचा हिशेब

घाटमाथ्यावरच्या आपल्या लोकांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच कामाकडे. गंगापूर धरणाचे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते, आणि तीच समजूत घेऊन आपण समुद्रावर जातो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि ही वेळ रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते. काल ज्या वाळूवरून आपण आरामात चालत गेलो, तेथे आज त्याच घटकेला पाणी असू शकते.

कोकणातील मच्छीमार यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला उत्तर सहा येते, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी असते. हिशेब शुद्ध आणि वद्य या दोन्ही पक्षांत तसाच चालतो; पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे.

या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नियोजन करताना तो वापरावा आणि प्रत्यक्ष जाण्याच्या आदल्या दिवशी भरतीचे छापील कोष्टक किंवा मोबाइलवरील कोष्टक रत्नागिरी बंदरासाठी पाहून खात्री करावी. आणखी एक शब्द लक्षात ठेवावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. ‘आज उधाण आहे’ असे किनाऱ्यावरचा माणूस सांगतो तेव्हा त्याचा अर्थ रोजच्यापेक्षा पाणी बरेच वर येणार असा असतो.

आता हा हिशेब आपल्या तारखांना लावावा. खडकांतील डबकी, खेकडे, शिंपले पाहायचे असतील तर ओहोटीचे दोन तास हवेत. सूर्यास्ताच्या वेळी लांबच लांब ओली वाळू तुडवायची असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळची तारीख उत्तम, कारण तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र मागे गेलेला असतो. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर असते. आणि संकष्टीच्या दिवशी दुपारी तीनला, म्हणजे दर्शन उरकून लोक पाण्यात उतरण्याच्या वेळेलाच, भरती असते; त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या पाण्यापासून दूर राहावे हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

*पडताळा: प्रत्येक दिवसासमोर भरतीची एक आणि ओहोटीची एक अशा दिवसाउजेडी येणाऱ्या दोन वेळा लिहिल्या आहेत का?*

टप्पा ३: जाण्याचे आणि येण्याचे तिकीट

दोन्ही तिकिटे एकाच बैठकीत काढावीत. ‘परतीचे तिकडे गेल्यावर पाहू’ असे ठरवणारे लोक शेवटच्या दिवसाचा अर्धा वेळ मोबाइलवर घालवतात.

पहिला पर्याय थेट गाडीचा. हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोड, कल्याण, पनवेल असा प्रवास करत कोकण रेल्वेने रत्नागिरीला पोहोचते, आणि परतीची गाडीही याच मार्गाने येते. मध्ये कोठेही उतरावे लागत नाही, म्हणून एकट्यासाठी मी हीच गाडी प्रथम पाहतो. मात्र ती दुरून येते, त्यामुळे उशीर गृहीत धरावा आणि पोहोचण्याच्या दिवशी सकाळचा कोणताही कार्यक्रम ठरवू नये.

या गाडीच्या बाबतीत तारखेची चूक फार होते. निजामुद्दीनहून गाडी ज्या तारखेला सुटते ती, आणि आपण नाशिकरोडला ज्या तारखेला चढतो ती, या दोन तारखा वेगळ्या असतात. आगाऊ आरक्षणाची सध्याची मुदत ६० दिवसांची आहे आणि ती गाडी जेथून सुटते त्या स्थानकाच्या तारखेवरून मोजली जाते. तत्काळ तिकिटाचेही तसेच: ते गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता खुले होते. आपल्या चढण्याच्या तारखेवरून आदला दिवस मोजणारा माणूस एक दिवस उशिरा जागा होतो. तत्काळची वेळ येण्याआधीच आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून ठेवावे, आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत हे ध्यानात ठेवावे.

दुसरा पर्याय गाडी बदलण्याचा. नाशिकरोडहून मुंबईकडे जाणाऱ्या कोणत्याही सोयीच्या गाडीने ठाणे किंवा दादर गाठावे आणि तेथून मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी किंवा तुतारी यांपैकी गाडी घ्यावी. येथे नाशिककर हमखास एक चूक करतात. आपल्या सवयीने ते कल्याणला उतरतात. मुंबईहून सुटणाऱ्या कोकणातील या गाड्या ठाण्याहून दिव्यामार्गे पनवेलला जातात. त्या कल्याणला येत नाहीत. बदल ठाण्यालाच करावा.

तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. याचा अर्थ शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्याने तिकीट शनिवारच्या तारखेचे काढायला हवे. शुक्रवारचे तिकीट काढले, तर आपण स्थानकावर पोहोचतो तेव्हा आपली गाडी चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते.

> सावधान: दोन गाड्यांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. कसारा घाटात गाडी अडकली तर तास-दीड तास सहज जातो. इंटरनेटवर काढलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट तक्ता लागल्यावरही निश्चित झाले नाही तर आपोआप रद्द होते आणि त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी असेल तर बसायला जागा मिळते. एकट्या माणसाने त्यावर खुशाल निघावे.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या कमी वेगाने धावतात. ऑक्टोबरच्या तारखा निवडणाऱ्यांनी जाण्याचा दिवस एका वेळापत्रकात आणि येण्याचा दिवस दुसऱ्या वेळापत्रकात तर पडत नाही ना, हे तपासावे.

रस्त्याने जायचे तर अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर आहे. एसटीची चौकशी ठक्कर बाजार आणि मुंबई नाक्यावरील महामार्ग बसस्थानक या दोन्ही ठिकाणी करावी. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे एकट्या महिला प्रवाशाला हा मार्ग स्वस्त पडतो. स्वतःची मोटार घेऊन एकट्याने एवढे अंतर रात्री तोडण्याच्या मी विरोधात आहे; घाटात डुलकी लागली तर जागे करायला शेजारी कोणी नसते.

*पडताळा: दोन्ही तिकिटांवरील वार, तारीख आणि चढण्याचे स्थानक मोठ्याने वाचून पाहिले का?*

टप्पा ४: मुक्काम

आता, आणि आताच, खोली पाहावी. रत्नागिरी रेल्वे स्थानक कुवारबावला आहे, म्हणजे शहराच्या मध्यापासून काही किलोमीटर आत. ‘स्टेशनजवळ’ म्हणून घेतलेली खोली समुद्रापासून आणि एसटी स्थानकापासून दूर पडते. ज्याच्याजवळ वाहन नाही त्याने एसटी स्थानक किंवा मारुती मंदिर परिसरात, जेथून बस पायी गाठता येईल अशा ठिकाणी राहावे. समुद्रकाठची एकाकी खोली छायाचित्रात सुंदर दिसते, पण रात्री आठनंतर तेथून जेवायला जायचे म्हटले तरी रिक्षा मिळत नाही. पहिल्या प्रवासाला शहरातच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे भरण्याआधी फोन करावा आणि पुढील गोष्टी तोंडी विचाराव्यात: एकट्या व्यक्तीला खोली देता ना, दर एका माणसाचा आहे की खोलीचा, पहाटे गाडी आली तर लवकर खोली मिळेल का, आणि मिळणार नसेल तर सामान ठेवता येईल का. काही लॉजवर एकट्या पाहुण्याला शेवटच्या क्षणी नकार मिळतो. एकदा रात्री साडेनऊला एका लॉजच्या काउंटरवर माझे आरक्षण दिसत असूनही ‘सिंगलला देत नाही’ असे ऐकून मला पाठीवरच्या ओझ्यासकट दुसरी जागा शोधावी लागली होती, आणि तेव्हापासून मी फोनवर बोललेल्या माणसाचे नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे भरत नाही.

जेवणासाठी घरगुती खानावळ निवडावी, पण सकाळीच सांगून ठेवावे. एका माणसासाठी कोंबडी-वडे किंवा विशिष्ट मासळी ऐनवेळी मिळत नाही. माशाच्या थाळीचा दर मासळीप्रमाणे बदलतो, तो बसण्याआधी विचारण्यात संकोच बाळगू नये. दुपारी एक ते चार या वेळेत शहरातील बरीच दुकाने बंद असतात. औषध, टोपी, पाण्याची बाटली यांची खरेदी सकाळीच उरकावी.

टप्पा ५: दिवसांची मांडणी

प्रत्येक दिवसाला एकच मोठे ठिकाण द्यावे आणि ते टप्पा २ मधील वेळांवर बसवावे. मी सुचवतो तो क्रम असा आहे.

पहिला दिवस शहरातच ठेवावा. सामान ठेवून, आंघोळ व जेवण करून दुपारी विश्रांती घ्यावी. प्रवासातून उतरताच कडक उन्हात फिरायला निघणे ही पहिल्या दिवसाची नेहमीची चूक आहे; नाशिकच्या कोरड्या हवेतून गेलेल्या शरीराला तेथील दमटपणाची सवय व्हायला अर्धा दिवस लागतो. चार वाजता रत्नदुर्गावर जावे. किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्याने तटावर उभे राहिले की खालचे मिरकरवाडा बंदर, नौकांची ये-जा आणि उद्या आपण जाणार तो उत्तरेकडचा किनारा, हे सारे एका नजरेत कळते. म्हणूनच तो पहिल्या दिवशी पाहावा. संध्याकाळ मांडवीच्या जेट्टीवर किंवा काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात घालवावी.

दुसरा दिवस उत्तरेचा. किनाऱ्याच्या रस्त्याने आरे-वारे आणि तेथून गणपतीपुळे हे अंतर एकूण पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. बसमध्ये चढण्याआधी ‘ही आरे-वारेमार्गे जाते का?’ हे कंडक्टरला विचारावे, कारण काही गाड्या निवळीमार्गे आतल्या रस्त्याने जातात आणि तो प्रवास पूर्ण वेगळा आहे. आरे-वारेच्या चढावरून एका बाजूला डोंगर आणि खाली दोन किनाऱ्यांच्या दोन चंद्रकोरी दिसतात. तेथे उतरून पायी वर चालत यावे, वाहनातून पाहिल्यास तो देखावा काही सेकंदांत संपतो. पुढे वेळ उरल्यास मालगुंडपर्यंत जावे. जयगड त्याच दिवशी जोडण्याचा मोह टाळावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर कातळशिल्पे पाहावीत. निवळी ते गणपतीपुळे रस्त्याच्या परिसरात चवे आणि देऊड येथे, तसेच उक्षी येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर कोरलेली मोठी चित्रे आहेत. उक्षीच्या हत्तीभोवती तर गोल कठडा बांधला आहे, त्यामुळे तो सापडायला सोपा जातो. सड्यावर झाड नाही, सावली नाही आणि पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. सूर्य वर आल्यावर उभ्या उजेडात रेषा दिसतही नाहीत. सकाळी तिरपे ऊन पडते तेव्हा खोदकामाच्या कडेला बारीक सावली धरते आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून पाय, सोंड, पाठ अशी आकृती हळूहळू उमटते. म्हणून साडेसात ते नऊ हीच वेळ. येथे जाण्या-येण्याची आणि थांबण्याची रिक्षा आदल्या दिवशी ठरवावी. चित्रांवर पाय ठेवू नये आणि फोटोसाठी रेषांत खडू किंवा पाणी भरू नये.

> सावधान: कोठेही उतरल्यावर पहिले काम म्हणजे शेवटच्या गाडीची वेळ विचारणे. ही चौकशी कंडक्टरकडे किंवा थांब्याजवळच्या टपरीवर करावी. रात्रीची जी गाडी गावात येते ती बहुधा वस्तीची असते, म्हणजे ती रात्री तेथेच मुक्काम करते आणि सकाळीच परत फिरते. फलकावर वेळ पाहून तिची वाट पाहणारा प्रवासी अडकतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्त पाहायचा असेल तर परतीची सोय आधी पक्की करावी.

भाड्याने दुचाकी घेणार असाल तर तिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी आहेत का, हे पाहावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतल्यास अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न उभा राहतो. परवाना मूळ प्रतीत किंवा डिजिलॉकरमध्ये हवा.

टप्पा ६: सॅक

सॅक सहा-सात किलोंपेक्षा जड नको. निघण्याच्या चार दिवस आधी ती पूर्ण भरून पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढून पाहाव्यात. जी वस्तू वर पोहोचल्यावर नकोशी वाटते ती घरी ठेवावी.

कोकणातील हवेत जाड सुती कपडा रात्रभरात वाळत नाही, म्हणून पातळ आणि लवकर सुकणारे कपडे घ्यावेत. तळवा जाड आणि पकड चांगली असलेले बंद बूट, पाण्यात चालतील अशा पट्ट्याच्या चपला, टॉर्च, पॉवर बँक, मोबाइल कोरडा ठेवणारी पिशवी, क्षारांची पाकिटे, मलमपट्टी आणि नेहमीची औषधे एवढे पुरे. ओळखपत्राची एक प्रत सॅकमध्ये आणि मूळ ओळखपत्र अंगावर ठेवावे. रोकड दोन ठिकाणी विभागावी. त्यात दहा-वीसच्या नोटा असाव्यात, कारण सड्याजवळच्या गावात रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा.

टप्पा ७: मागे ठेवायचा कागद

घरातील एका माणसाकडे एक कागद द्यावा. त्यावर दोन्ही गाड्यांचे पीएनआर, मुक्कामाचा पत्ता व फोन, आणि प्रत्येक दिवशी कोणत्या दिशेला जाणार हे लिहावे. रोज रात्री आठला संदेश पाठवण्याचे ठरवावे आणि नऊपर्यंत आला नाही तर प्रथम मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा, हेही ठरवून द्यावे. ‘अधूनमधून फोन करत जा’ या सूचनेने दोन्ही बाजूंची काळजीच वाढते. ठरलेली वेळ असली की दोघेही निश्चिंत असतात. मोबाइलमध्ये ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक साठवावेत.

टप्पा ८: पाण्यावर, खडकावर आणि सड्यावर

एकट्याने पोहायला उतरू नये. हा नियम मी चांगल्या पोहणाऱ्यांनाही लावतो. गोदावरीत किंवा तरणतलावात पोहण्याचे कौशल्य समुद्रात अपुरे पडते, कारण तेथे पाणी माणसाला आत ओढते. आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहावे, आणि तेही इतर लोक असतील तेथेच. लाट परत जाताना टाचेखालची वाळू सरसर निघून जाते आणि पाऊल खड्ड्यात बसत जाते. ती ओढ जोरात जाणवली की मागे फिरावे.

किनाऱ्यावर उभे राहून पाहिले असता दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा मात्र शांत, गढूळ दिसतो. नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. पाणी समुद्रात परत जाण्याची वाट तीच असते. तेथे कोणी ओढला गेलाच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर जात त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे. हात वर करून मदत मागावी.

खडकांवर जायचे ते ओहोटी सुरू असताना, आणि पाणी फिरण्याच्या, म्हणजे भरती सुरू होण्याच्या, आत परतायचे. माझ्या हातून ही चूक घडली आहे. षष्ठीचा दिवस होता, म्हणजे भरती साडेचारला. ते मला ठाऊक असूनही मी आरे-वारेच्या खडकांवर दुपारी दोनला गेलो आणि डबक्यातील खेकडे पाहण्यात रमलो. साडेतीनला मागे वळलो तेव्हा मी जेथून कोरड्या पायांनी आलो होतो त्या वाळूच्या पट्ट्यावर कमरेएवढे पाणी होते. घाईत खडकावरून उतरताना पाय शेवाळावर घसरला आणि तळहात खडकाला चिकटलेल्या कालवांवर (शिंपल्यांवर) आपटला. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. तळहातावर तीन समांतर रेषा उमटल्या आणि खाऱ्या पाण्याने त्या चरचरत राहिल्या. जवळ एक मच्छीमार जाळे सोडवत बसला होता, त्याने हात दिला म्हणून मी बाहेर आलो. त्या दिवसापासून खडकावर जाताना मी मोबाइलवर गजर लावतो: पाणी फिरण्याच्या अर्धा तास आधीचा.

सड्यावर धोका वेगळा आहे. रत्नागिरीच्या जांभ्या दगडांत फुरसे पुष्कळ आढळते. हा साप लहान, दगडाच्या रंगाचा आणि विषारी आहे. दगड उचलू नयेत, गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या बांधांच्या) फटीत हात घालू नये, बंद बूट घातल्याशिवाय सड्यावर चालू नये आणि अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये. दंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे किंवा गावठी उपचार यांत वेळ न दवडता १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने शासकीय रुग्णालय गाठावे; सर्पदंशावरची लस तेथे मिळते.

*पडताळा: पाण्याजवळ जाण्याआधी गजर लावला आहे का, आणि आपण येथे आहोत हे टपरीवाल्याला, रिक्षावाल्याला किंवा घरी कोणाला तरी सांगितले आहे का?*

टप्पा ९: परतीचा दिवस

शेवटच्या दिवशी समुद्रात भिजू नये. ओले कपडे आणि वाळूने भरलेल्या चपला घेऊन लांबचा प्रवास त्रासाचा होतो, आणि खारे पाणी लागलेले बूट घरी पोहोचेपर्यंत ताठ होतात. आदल्या रात्रीच कपडे गोड्या पाण्यातून काढून पंख्याखाली वाळत घालावेत.

गाडी रत्नागिरीला केव्हा येणार आहे हे बरेच आधीपासून मोबाइलवर पाहत राहावे, परंतु ‘दोन तास उशीर’ दिसला म्हणून निवांत बसू नये. एकेरी मार्गावर गाड्यांच्या क्रॉसिंगप्रमाणे हा उशीर कमीही होतो. शहरातून कुवारबावला जाण्यासाठी रिक्षा आधी सांगून ठेवावी आणि गाडीच्या वेळेआधी तासभर निघावे. कोकम, आमसुले, फणसपोळी यांची खरेदी दुपारी बाजार बंद होण्याआधी करावी. काचेच्या बाटलीतील सरबत एकट्याने उचलण्याच्या फंदात पडू नये.

नाशिकरोडला गाडी अवेळी पोहोचण्याची शक्यता धरून घरापर्यंतची सोय आधीच ठरवावी. मध्यरात्री उतरलात आणि घर सातपूर किंवा अंबडसारख्या लांबच्या भागात असेल, तर न्यायला येणाऱ्या माणसाला इगतपुरी सुटल्यावर फोन करावा. तेथून नाशिकरोडला यायला गाडीला साधारण तासभर लागतो, आणि तेवढ्या वेळात तो घरून निघून वेळेवर पोहोचतो.